बेहेरेसाहेबांचं लॉन

“टिळेकर, बूट काढा.”

मी बूट काढले. साहेबांनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं, म्हणून मोजेही काढले.

“आता लॉनवर पाय ठेवा. हळू. आधी चवडा, मग टाच.”

बुटांची जोडी छातीशी धरून मी त्यांच्या हिरवळीवर आधी चवडा आणि मग टाच ठेवली. जानेवारीतली सकाळ होती. गवतावर दव होतं.

“काय वाटतं?”

“गार वाटतं, सर.”

“गार तर फरशीही वाटते. नीट सांगा.”

“मऊ वाटतं, सर.”

“हं. या आता बाहेर.”

मी बाहेर आलो. गवतात माझ्या पावलांचे दोन ठसे उमटले होते. साहेब उकिडवे बसले आणि गवत तळहाताने उलट्या दिशेला कुरवाळत त्यांनी ते दोन्ही ठसे पुसून टाकले. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बेहेरेबाई लोकरीचं काहीतरी विणत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांच्या सुया क्षणभर थांबल्याचं मला दिसलं.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मी एका धरणावर उपअभियंता होतो. कुठलं धरण ते सांगत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून पेन्शन घेतायत. बेहेरेसाहेब आमचे अधीक्षक अभियंता. माणूस कामात चोख, हिशेबी, कुणाचा एक पेला चहा न घेणारा. त्यांना एकच नाद होता, तो म्हणजे हे लॉन. चाळीस फूट बाय साठ फूट. आधीच्या ठिकाणाहून त्यांची बदली झाली तेव्हा दोन ट्रक आले होते म्हणे. एकात सामान आणि दुसऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं गवत. त्यातला गवताचा ट्रक आधी उतरवला होता.

त्या लॉनवर कुणी चालायचं नाही. पाहुणे आले तर कडेच्या फरशीवरून रांगेने आत जायचं. वसाहतीतल्या पोरांचा चेंडू तिथे पडला तर तो चेंडू गेला असं समजायचं. लॉनची देखभाल लिंबाजी नावाचा माळी करायचा, आणि त्या लिंबाजीला नेमका त्याच महिन्यात हर्निया झाला. ऑपरेशन, मग सहा आठवडे वजन उचलायचं नाही. त्यातच साहेबांना बारा दिवसांच्या प्रशिक्षणाला हैदराबादला जायचं होतं आणि तेराव्या दिवशी मुंबईहून खात्याचे सचिव पाहणीला येणार होते. त्यांचा संध्याकाळचा चहा साहेबांच्या बंगल्यावर ठरला होता.

“गवत कापायचं मशीन तुमच्या वर्कशॉपच्या ताब्यात आहे,” साहेब म्हणाले. “तेव्हा तुम्हीच बघा.”

“सर, मी पंप आणि दरवाजे बघतो. गवताचा मला…”

“तुमचा अर्ज माझ्या टेबलावर आहे,” साहेब म्हणाले. “सांगलीचा.”

तो माझा बदलीचा अर्ज होता. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बायको, रोहिणी, सांगलीत मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायची. तिची नोकरी कायम होती, माझीही कायम होती आणि मध्ये चार तासांचा एसटीचा रस्ता होता. ती एका म्हाताऱ्या घरमालकिणीकडे एका खोलीत राहायची. मी शनिवारी संध्याकाळी पोचायचो आणि सोमवारी पहाटे निघायचो. दीड वर्षात आम्ही सगळे मिळून किती दिवस एकत्र राहिलो ते रोहिणीने एकदा मोजलं होतं आणि मग मोजलं नाही असं मला सांगितलं होतं.

साहेबांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर सुवाच्य अक्षरात सतरा सूचना होत्या. कापणी दर तिसऱ्या दिवशी. दिशा पूर्व-पश्चिम, परत येताना त्याच पट्ट्याला चार बोटं चढवून. गवताची उंची एक इंच, मोजपट्टी टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये. लव्हाळा दिसल्यास मुळासकट, पण हळुवारपणे. सतरावी सूचना अधोरेखित होती: “शंका आल्यास काहीही करू नये.”

ती एकच सूचना मी पाळली असती, तरी ही गोष्ट घडली नसती.

पहिल्या दिवशी मी मुजावर मिस्त्रींना घेऊन गेलो. मुजावर आमच्या वर्कशॉपचे फोरमन. पन्नाशीचे, दाढी मेंदीने रंगवलेली. जगातलं कुठलंही यंत्र त्यांच्यापुढे दहा मिनिटांत शरण येतं अशी त्यांची ख्याती होती. मशीन पेट्रोलवर चालणारं होतं. पुढे गोल पात्यांचा रोलर, मागे दांडा, दांड्याला क्लच. दोरी ओढून सुरू करायचं. मुजावरांनी दोरी ओढली. मी ओढली. मग आळीपाळीने वीसेक वेळा ओढली.

“दमलं असंल,” मुजावर म्हणाले.

“आपण दमलोय, मिस्त्री.”

त्यांनी प्लग काढून पुसला, पुन्हा बसवला, यंत्राच्या डोक्यावर हलकेच थाप मारली आणि दोरी ओढली. मशीन असं काही गरजलं की बाईंच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळत फरशीवर गेला. त्यांची पांढरीशुभ्र पॉमेरेनियन कुत्री, बर्फी, खुर्चीखाली शिरली.

“धरा, सायेब!” मुजावर ओरडले.

मी दांडा धरला. पण क्लच कुठला आणि ब्रेक कुठला याचा खुलासा सतरा सूचनांत कुठेच नव्हता. मी जो दाबला तो क्लच निघाला. मशीन सुटलं. पूर्व-पश्चिम वगैरे काही नाही, तिरपं सुटलं आणि त्याच्यामागे मी. हिरवळ पार करून आम्ही शेवंतीच्या वाफ्यात घुसलो, शेवंतीतून कपड्यांच्या दोरीखाली गेलो आणि साहेबांचं एक बनियन घेऊन पुन्हा हिरवळीवर आलो. मुजावर बाजूने पळत “डावा, डावा हात!” असं सांगत होते. मी डावा हात सोडला. त्यांना डावा हात दाबा असं म्हणायचं होतं.

शेवटी बनियन पात्यांत गुंडाळलं गेलं आणि मशीन बंद पडलं.

हिरवळीवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हातभर रुंदीचा एक नागमोडी पट्टा उमटला होता. पातं सगळ्यात खालच्या खाचेत होतं, ते आम्ही पाहिलंच नव्हतं. पट्ट्यात खालची माती दिसत होती.

बाई व्हरांड्याच्या कडेला आल्या. त्यांनी तो पट्टा सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट पाहिला.

“चहा घेणार?” त्या म्हणाल्या.

“बाई, फार चुकलं. काय करू?”

बाईंनी थोडा विचार केला. “मला यातलं काय कळतंय, टिळेकर? पण केस कापताना एका बाजूला जास्त कापले गेले तर न्हावी काय करतो? दुसरी बाजूही तेवढीच करतो.”

हे मला पटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेलं गवत त्या पट्ट्याच्या उंचीचं करायला घेतलं. पण जमीन कुठे वर, कुठे खाली. जिथे उंचवटा होता तिथे पातं आणखी खोल गेलं आणि तिथे टक्कल पडलं. मग बाकीचं त्या टकलाच्या पातळीला आणायचं. मग दुसरीकडे टक्कल. मुजावरांनी वर्कशॉपमधून सपाटी तपासायची लेव्हल आणली. आम्ही दोघं जमिनीला कान लावून तिच्या नळीतला बुडबुडा बघत होतो. शनिवारी दुपारी थांबलो तेव्हा लॉन अगदी सपाट झालं होतं. फक्त गवत फारसं नव्हतं.

त्या शनिवारी मी सांगलीला गेलो. रोहिणीने पोळी वाढली आणि माझ्या हाताचे फोड बघितले. मी सगळं सांगितलं. ती आधी हसली. बनियनचा भाग तिने दोनदा सांगायला लावला. मग एकदम गंभीर झाली.

“म्हणजे आपला संसार गवतावर अवलंबून आहे?”

“तसंच म्हण.”

“आणि साहेब कधी येणार?”

“सोमवारच्या सोमवारी.”

“मग तुम्ही त्या बाईंनाच का विचारत नाही? बावीस-पंचवीस वर्षं त्या गवताशेजारी राहतायत. त्यांना माहीत नसेल तर कुणाला? त्यांना आपली अडचणही सांगा. बायकांना कळतं.”

तिचं म्हणणं बरोबर होतं. सोमवारी मी बाईंच्या समोर स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. अर्ज, दीड वर्ष, चार तास, एक खोली, शनिवार-रविवार. बाई विणायच्या थांबल्या.

“तुमच्या मिसेस एकट्याच जेवतात का रोज?”

“होय.”

“आणि तुम्ही?”

“मेसमध्ये.”

बाई बराच वेळ लॉनकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “युरिया घाला.”

“युरिया?”

“ह्यांच्या तोंडून ऐकलंय. युरियाने गवत भराभर वर येतं.”

“किती घालतात, बाई?”

“ते काही मला आठवत नाही. पण भुकेल्याला वाढताना हात आखडू नये.”

मी हात आखडला नाही. दोन पोती आणली. मुजावरांनी एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, पेरणी केल्यासारखा युरिया फेकला. बाई मधूनमधून “त्या कोपऱ्यात कमी वाटतंय” असं सांगत होत्या. पाणी द्यायचं का असं मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “पाण्याने वाहून नाही का जाणार?” तेही पटलं.

गुरुवारी उरलंसुरलं गवत पिवळं पडलं. शुक्रवारी तपकिरी झालं. शनिवारी दाराबाहेरच्या काथ्याच्या पायपुसण्याचं जे रूप असतं ते चाळीस बाय साठ फुटांवर पसरलेलं होतं. मी त्या शनिवारी सांगलीला गेलो नाही. रोहिणीला तार केली: “गवत मेलं.” तिच्या शाळेच्या ऑफिसात ती तार आधी मुख्याध्यापिकाबाईंनी वाचली आणि गवत हे कुणा जवळच्या माणसाचं टोपणनाव असावं असं समजून रोहिणीला पाठीवर हात ठेवून घरी पाठवलं.

सोमवार उजाडला. साहेब सचिवांबरोबर एकाच गाडीतून येणार होते, दुपारी चारला. सकाळी आठ वाजता मी आणि मुजावर लॉनच्या कडेला उभे होतो.

“मिस्त्री, संपलं.”

मुजावर दाढी कुरवाळत होते. “सायेब, लोखंड गंजलं की आपण काय करतो?”

“घासतो. प्रायमर मारतो. रंग देतो.”

“प्रायमरची गरज नाही पडायची,” मुजावर म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गंभीर होते. स्टोअरमध्ये पंपांना लावायचा हिरवा ऑइल पेंट होता, मशिनरी ग्रीन, चार डबे. कॉम्प्रेसर होता, स्प्रे गन होती. मी इंजिनिअर होतो, शिकलेला होतो आणि दहा मिनिटं मी याला नाही म्हणालो. मग मला रोहिणीच्या खोलीतला एकुलता एक पाट आठवला.

“वाळायला किती वेळ लागतो?”

“चार तास. पण ते लोखंडावर. गवताचं काय सांगू?”

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला वासाचा त्रास होत नाही.” आणि विणकामावर टॉवेल झाकून, तोंडाला पदर लावून, त्या व्हरांड्यातच बसून राहिल्या. कॉम्प्रेसर धडधडायला लागला. तोंडाला फडकी बांधून आम्ही पूर्व-पश्चिम रंग मारला, परत येताना त्याच पट्ट्याला चार बोटं चढवून. साडेअकराला झालं. उन्हात ते लॉन असं चमकत होतं की वरून जाणारे बगळे एक चक्कर मारून खाली बघून गेले.

बर्फीची आठवण कुणालाच राहिली नव्हती. ती लॉनवर मनसोक्त लोळली. दुपारी तिला दोन वेळा घासूनही पोट आणि चार पाय हिरवेच राहिले. बाईंनी तिला विणून झालेला अर्धा स्वेटर घातला. पाय उघडे राहिले.

चार वाजता पांढरी गाडी आली. आधी साहेब उतरले. त्यांची नजर सरळ लॉनवर गेली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला पहिल्यांदा लाज वाटली. तेवढ्यात दुसऱ्या दारातून सचिव उतरले. उंच, पांढरा सफारी, आणि डोळ्यांवर मोठा गडद हिरवा चष्मा. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या चष्म्यातून त्यांना गाडी, रस्ता, मी आणि मुजावरांची दाढी, सगळंच हिरवं दिसत असणार. त्यांच्यापुरता तरी आम्ही रंग मारला नसता तरी चाललं असतं.

“बेहेरे,” ते म्हणाले, “डोळे निवले हो!”

“सर, थोडी आवड आहे,” साहेब म्हणाले.

“मला डॉक्टरांनी हिरवळीवर अनवाणी चालायला सांगितलंय. मुंबईत कुठली हिरवळ! चाललो तर चालेल ना?”

साहेबांनी बावीस वर्षांत कुणाला हो म्हटलं नव्हतं. पण सचिव होते. “अवश्य, सर.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सचिवांनी बूट काढलेही होते. ते लॉनवर उतरले. पहिल्या पावलाला ‘चिक्’ असा बारीक आवाज झाला. दुसऱ्याला जरा मोठा.

“गवतात चीक चांगला आहे,” सचिव म्हणाले.

“होय, सर,” साहेब म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सचिवांनी तीन फेऱ्या मारल्या आणि साहेब, बूट न काढताच, त्यांच्याबरोबर चालले. प्रत्येक पावलाला आवाज येत होता. तिसऱ्या फेरीत एकदा त्यांचा पाय पटकन निघेना आणि त्यांनी साहेबांच्या खांद्याचा आधार घेतला. मग येऊन खुर्चीवर बसले, मोजे चढवले आणि चहा घेतला. बर्फी जाऊन त्यांच्या पायाशी बसली.

“ही कुठली जात?” सचिवांनी तिला थोपटत विचारलं.

“साधीच आहे,” बाई म्हणाल्या. “थंडी बाधते तिला.”

“बेहेरे, खत कुठलं घालता?”

साहेबांचे डोळे आता आपल्या बुटांवर होते. काळ्या बुटांच्या कडांना हिरवी किनार आली होती. त्यांनी हळूच वाकून ती बोटाने पुसली, बोट नाकाशी नेलं आणि पुन्हा सरळ बसले. “मिश्र खत आहे, सर,” ते म्हणाले. “इथेच तयार होतं.”

“त्याची कृती लिहून पाठवा मला. सगळ्या वसाहतींना कळवतो.”

गाडी विश्रामगृहाकडे गेली. साहेब लॉनच्या कडेला गेले, उकिडवे बसले आणि एक काडी उपटून दोन बोटांत चोळली.

“टिळेकर.”

“सर.”

“हा तीन नंबरच्या पंपाचा रंग आहे.”

“होय, सर.”

मुजावरांना वाटलं साहेब कामाची चौकशी करतायत. ते पुढे झाले आणि अदबीने म्हणाले, “दोन हात दिलेत, सायेब.”

साहेब ओरडतील, कागद मागवतील, मला तिथल्या तिथे निलंबित करतील अशी माझी कल्पना होती. त्यांनी तसं काही केलं नाही. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मी त्यांना कधी पायरीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि बोटाचा हिरवा रंग पापणीला लागला.

बेहेरेबाई आतून चहाचा कप घेऊन आल्या. त्यांनी तो साहेबांच्या हातात दिला आणि त्यांच्या शेजारी, त्याच पायरीवर, बसल्या.

“तुम्ही दोघं जा आता,” त्या आम्हाला म्हणाल्या.

आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी विश्रामगृहाच्या खानसाम्याने मला सांगितलं की सचिवांचे तळपाय आणि पलंगावरची चादर हिरवी झाली होती. पण सचिव खूष होते. गवताचा रस पायांत मुरला म्हणून रात्री झोप छान लागली, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी रोज निलंबनाच्या कागदाची वाट पाहिली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. साहेब माझ्याशी पंपांपुरतं बोलायचे. त्यांच्या बंगल्यावरून जायचं मी टाळत होतो. मे महिन्यात बदल्यांचे हुकूम निघाले आणि त्यात माझं नाव होतं. मी तो कागद तीनदा वाचला, मग मुजावरांना वाचायला दिला, कारण माझा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. त्यांनी बोट ठेवून वाचलं: “सांगली.”

निघायच्या दिवशी निरोप घ्यायला बंगल्यावर जावंच लागलं. फाटक उघडलं आणि मी थबकलो. लॉन नव्हतं. त्या जागी काळी माती, सरळ सऱ्या आणि वांग्यांची झाडं. दहा रांगा, प्रत्येक रांगेत बारा. मधून लांबरुंद टोपी घातलेले साहेब मोजपट्टी घेऊन उकिडवे चालत होते. त्यांनी मला पाहून मान हलवली आणि पुन्हा मोजायला लागले.

बाई व्हरांड्यात होत्या. मी वाकून नमस्कार केला.

“बाई, तुम्ही माझ्यासाठी बोललात ना?”

“बोलले. हे तुम्हाला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवायला निघाले होते. मी म्हटलं, एवढ्या लांब पाठवलंत तर कारण लिहावं लागेल. काय लिहाल? त्यापेक्षा जवळच पाठवा, जिथे त्यांना तोंड बंद ठेवायला बरं वाटेल. सांगलीचा अर्ज पडलेलाच आहे.”

“तुमचे उपकार कसे…”

“उपकार कसले!” बाईंनी आवाज खाली आणला. “तुमचं काही चुकलं नव्हतं, टिळेकर. ते गवत मीच मारलं.”

“तुम्ही?”

“न्हाव्याचं मी सांगितलं. युरिया मी सांगितला. पाणी घालू नका म्हणून मी सांगितलं. एक पोतं युरियानेही गेलं असतं, तुम्ही दोन आणलीत ते बरं केलंत. तुम्ही आपल्या मिसेसचं सांगितलंत तेव्हा मात्र मी विचारात पडले. म्हटलं, या माणसाचं नुकसान होईल. पण मग म्हटलं, ते आपण निस्तरू. आधी युरिया.”

“पण का, बाई?”

त्यांनी लोकर मांडीवर ठेवली. “ह्यांना दिवसात मोकळा वेळ एक तासाचा. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. बावीस वर्षं तो तास ते तिकडे आणि मी इथे. मुलगी रांगायला लागली तेव्हा एकदा तिला गवतावर सोडली, तर त्यांनी उचलून फरशीवर ठेवली. तिने शू केली तर गवत जळेल म्हणून. तेव्हापासून डोक्यात होतं. म्हटलं, हे गवत गेलं तर माणूस इथे येऊन बसेल.”

मी वांग्यांकडे पाहिलं.

“आठ दिवस बसले,” बाई म्हणाल्या. “मग वांगी सुचली.”

“इंदू!” वाफ्यातून साहेबांचा आवाज आला. “सातव्या रांगेत कीड दिसतेय. जरा येऊन बघ!”

बाई उठल्या. पायांत चपला सरकवताना त्यांच्या चेहऱ्यावर वैताग होता, आणि तो खरा वाटत नव्हता. “गवताच्या वेळी हाक मारत नव्हते,” त्या म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी एक वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी आणली आणि माझ्या पिशवीत खाली, कपड्यांच्या आत, खुपसली. “मागच्या दाराने जा. पुढून जाऊ नका.”

संध्याकाळी सांगलीला रोहिणीने पुडी उघडली. चार वांगी होती, जांभळी, काटेरी देठाची. प्रत्येक देठाला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता आणि त्यावर साहेबांचं सुवाच्य अक्षर.

“हे काय लिहिलंय?” रोहिणीने दिव्याखाली धरून वाचलं. “रांग पाच, झाड तीन. तोडणी पंचवीस मे.” तिने माझ्याकडे पाहिलं. “आज तर तेवीसच आहे.”

“मग?”

“मग थांबू की परवापर्यंत,” ती म्हणाली, आणि चारही वांगी एका ओळीत खिडकीत मांडून ठेवली.